परळहून गावी

ह्यांच्या निवृत्तीनंतर परळची खोली सोडून आम्ही रत्नागिरीजवळच्या गावी राहायला आलो. पहिल्याच सकाळी चुलीसाठी चिरे उचलू लागले, तर शेजारची आक्का ओरडली, “बाय, हात घालू नको, फुरसं असंल!”

जांभ्याच्या सांदीत फुरसे दडते. हातभरच, पण जहाल विषारी. रात्री बॅटरी हवीच. चावलेच तर दोरी आवळू नये, मांत्रिक नकोच. थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर एकच लस चालते. तेव्हा रात्री कोणाची रिक्षा मिळते, ते आधी विचारून ठेवा.

घरपट्टीचे कागद सवडीने होतात. आगोटीची बेगमी मात्र मेमध्येच करावी: तांदूळ, सुकट, सरपण. आमचा पहिला पावसाळा ओल्या लाकडांच्या धुरातच गेला.