पूर्वापार

कोंकण रेल्वेनें महाडास जाणारा उतारू वीर स्टेशनावर उतरतो. तेथून महाडच्या वाटेवर सावित्रीच्या खाडीकांठीं दासगांव लागतें. १९२७ च्या डिसेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनें येऊन याच बंदरावर उतरले होते. या वाटेनें जातांना आम्हांस नेहमीं एक शब्द आठवतो, तो म्हणजे ‘पूर्वापार’.

आमच्या घरीं वादाचा शेवट याच शब्दानें होई. एखादा आचार कां पाळावयाचा असें विचारलें, कीं वडीलधारीं माणसें ‘पूर्वापार चालत आलें आहे’ एवढेंच सांगत. पूर्वापार म्हणजे कधींपासून, हें विचारण्याचें धाडस आम्हांस कधींच झालें नाहीं. न्यायालय मात्र तेंच विचारतें.

इंग्लंडांत तर ‘स्मरणातीत काळा’लाहि साल आहे! १२७५ सालच्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानें जमिनीच्या दाव्यांस पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाची, म्हणजे ११८९ सालाची, मर्यादा घातली. पुढें न्यायाधीशांनीं तीच रूढीसहि लावली. आपल्याकडे त्या सालाचा आग्रह सर्वत्र धरला गेला नाहीं. पण रूढि प्राचीन व अखंड असल्याचें सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावरच राहिला.

महाडास या तत्त्वाची कसोटी लागली. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें श्री. सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे केले; १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केलें. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथील पाणी प्याले, तेव्हां त्यांतील अनेकांस मार खावा लागला आणि तळ्याची ‘शुद्धि’ झाली. त्याच डिसेंबरांत कांहीं सवर्ण रहिवासी न्यायालयांत गेले. तळें खासगी आहे आणि अस्पृश्यांस तेथें मज्जाव ही पूर्वापार रूढि आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

हा वाद सुमारें दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयांत न्या. ब्रूमफील्ड यांनीं निकाल दिला, कीं वहिवाट दीर्घकाळची असेल. परंतु ती स्मरणातीत असल्याचें वादींनीं सिद्ध केलेलें नाहीं. वादींचें अपील फेटाळलें गेलें.

या निकालाचा आम्हांस आनंद होतो, तरी एक शल्य राहतें. रूढीचें प्राचीनत्व सिद्ध झालें असतें तर? निकालपत्रांतच सूचित केलें आहे, कीं तसें झालें असतें तर ती रूढि अन्याय्य वा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित् करावा लागला असता. म्हणजे तहानेल्या माणसास पाणी नाकारणें योग्य कीं अयोग्य, हा मूळ प्रश्न न्यायालयापुढें अनुत्तरितच राहिला!

त्याचें उत्तर राज्यघटनेनें दिलें. २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता नष्ट झाली. इतकेंच नव्हे, तर मूलभूत हक्कांआड येणारी रूढि, ती कितीहि जुनी असो, निरर्थक ठरली. कायद्यानें वय विचारणें सोडून न्याय विचारला.

आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांची जागा आतां आमच्याकडे आली आहे. मुलांनीं ‘कां?’ म्हणून विचारलें, कीं तोच जुना शब्द अजून ओठांवर येतो. तेव्हां आम्हांस चवदार तळें आठवतें, आणि खरें कारण शोधावें लागतें. तें नेहमींच सांपडतें असें नाहीं.