लोधीखेड्याची तांबटआळी

सावनेर आणि केळवद मागे पडले, की नागपूर-छिंदवाडा मार्गावरील प्रवाशाला महाराष्ट्राची हद्द संपल्याचे केवळ पाट्यांवरून कळते. भूमीवर तशी काही खूण दिसत नाही. तीच काळीभोर माती, तीच कपाशी, तेच संत्र्यांचे बगीचे आणि उत्तरेच्या अंगाला सातपुड्याची तीच निळसर रेघ. लोधीखेडा हे गाव या सीमेच्या पलीकडे, सौंसर तालुक्यात, जाम नदीच्या आसऱ्याने वसलेले आहे. सरकारी पाटीवर ते 'लोधीखेड़ा' असते आणि गावकऱ्यांच्या तोंडी 'लोधीखेडा'. एका अक्षराखालच्या ठिपक्याएवढेच काय ते अंतर. परंतु त्या ठिपक्यात बराच इतिहास सामावला आहे.

हा मुलूख प्रथम देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा आणि त्यानंतर इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भाचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर सौंसर आणि पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुकेही तिकडेच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेरीचा कारभार हिंदीत, माजघरातला मराठीत, ही येथील रीत आता तीन पिढ्यांची झाली. परप्रांतात घर करून राहिलेल्या आपल्या वाचकांना ती निराळी सांगावयास नको.

आम्ही लोधीखेड्यास गेलो ते मात्र भाषेच्या शोधात नव्हे. तांब्या-पितळेची भांडी पाहण्यासाठी. या भांड्यांसाठी हे गाव जुन्या काळापासून ओळखले जाते. पूर्वी नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारी अडीच फुटी रुळांची लहान गाडी येथे थांबत असे. ती २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि पुढे त्याच मार्गावर मोठी गाडी सुरू झाली. रूळ रुंद झाले, परंतु भांड्यांचा व्यापार त्या मानाने अरुंद होत गेला आहे.

तांबट-कासारांची वस्ती कोठे आहे, हे विचारावे लागले नाही. कानाने वाट दाखविली. ठण्, ठण्, ठण् असा एकसारखा ताल ऐकू येऊ लागला आणि त्या आवाजाचा माग काढीत आम्ही एका ओसरीशी येऊन पोहोचलो. आत साठीच्या आसपासचे एक गृहस्थ जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांडीवर तांब्याचा गुंड चढवून ठोके देत होते. डाव्या हाताने गुंड बोटभर फिरे आणि उजव्या हाताचा हातोडा नेमका मागच्या ठोक्याशेजारी पडे. त्या हाताला कोठे घाई नव्हती की विसावा नव्हता. आम्ही बसलो, तरी तो फेरा पुरा होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"या गुरुजी," मग ते म्हणाले. आमच्या पेशाचा सुगावा त्यांना कसा लागला, कोण जाणे! आम्ही कामाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी गुंडावर बोटाची टिचकी मारली आणि म्हणाले, "भांडं बोलते, गुरुजी. आपल्याले फक्त आयकता आलं पायजे." धातू सगळीकडे सारख्या जाडीचा उतरला असेल, तर नाद स्वच्छ निघतो आणि काही क्षण टिकतो. कोठे चीर पडली असेल, तर आवाज बद्द येतो. त्या कारागिराचा कान हेच त्याचे मोजमाप.

या धंद्यातील पहिले नवल असे की, हातोडा तांब्याला आकारही देतो आणि त्याच ठोक्यांनी त्याला ताठरही करतो. ठोकून ठोकून तांबे कठीण झाले, की ते आणखी वाकत नाही. बळ लावले तर फाटते. मग ते भट्टीत घालून लाल करावयाचे. तापून निघालेले तांबे पुन्हा मेणासारखे मऊ होते. पोलाद लाल करून पाण्यात बुडविले तर ते कडक होते. तांब्याला तसे बुडविले तरी ते मऊच राहते. म्हणून आग, पाणी, ठोका आणि पुन्हा आग, असे फेरे एका गुंडाला कितीतरी वेळा करावे लागतात. शेवटचे ठोके मात्र मुद्दाम तसेच ठेवतात. त्यालाच 'मठारणे' म्हणतात. मठारलेल्या भांड्यावर जे लहान लहान चकचकीत ठिपके दिसतात, ते शोभेसाठी आहेत असे आपण समजतो; वस्तुतः भांड्याचे बळ त्यांतच असते.

दुसरे नवल कल्हईचे. आंबट पदार्थ तांब्या-पितळेत ठेवला की तो कळकतो, हे आपल्या आजीबाईंना शाळेत न जाताही ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणजे आतून कथलाचा पातळ लेप. शेजारच्या ओसरीवर एक तरुण ते काम करीत होता आणि त्याची घरधनीण भाता चालवीत होती. पातेले तापले, त्याने नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एक झपाटा फिरविला. क्षणात काळवंडलेल्या पातेल्यात चांदणे पडले. तांबे वितळावयास १०८५ अंश उष्णता लागते आणि कथील २३२ अंशांवरच पाणी होते, म्हणून हे साधते. परंतु आच थोडी कमी झाली तर कथील पसरत नाही आणि जास्त झाली तर जळते. त्या पतिपत्नींजवळ उष्णतामापक नव्हता. तो धुराच्या रंगाकडे पाही आणि ती त्याच्या भुवईकडे. मधे एकही शब्द न बोलता भात्याचा वेग कमीजास्त होई.

तांब्यात पाणी ठेवण्याच्या आपल्या जुन्या चालीलाही आता प्रयोगाचा आधार मिळाला आहे. अतिसाराचे जंतू घातलेले पाणी सोळा तास तांब्याच्या भांड्यात ठेवले असता ते जंतू नाहीसे झाले, असे बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. पंजाबात अमृतसरजवळच्या जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांच्या भांडी घडविण्याच्या कलेला तर २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या यादीत लोधीखेड्याचे नाव नाही. पण तो ठोका आणि ती आग दोन्हीकडे एकाच जातीची आहे.

आम्ही त्या वृद्ध कारागिराला भांड्यांची नावे विचारली आणि तो बोलत गेला, तसतसा आमच्या कानांवर एक जुना शब्दकोश उलगडत गेला. गुंड, घागर, हंडा, गंगाळ, गंज, गडवा, बटलोई, परात, कोपर, ताम्हण, पंचपात्र, पळी. प्रत्येक शब्दाबरोबर त्याचा हात हवेत तो आकार काढून दाखवी. आधी 'जर्मन' आले, म्हणजे ॲल्युमिनियम; मग स्टील आले, पाठोपाठ प्लॅस्टिक आले. गंगाळाची बादली झाली. वस्तू गेली, की तिचे नाव फार दिवस घरात राहत नाही. मराठीची पदवी घेऊन आम्ही अनेक वर्षे मुलांना शब्दार्थ लिहून दिले. येथे ते अर्थ ठोक्याठोक्याने घडताना पाहिले.

ओसरीच्या कोपऱ्यात मोडीचा ढीग होता. फुटकी, चेपलेली भांडी वजनावर घ्यावयाची, ती गाळणीला धाडावयाची आणि नव्या भांड्यावर घडणावळ लावावयाची, हा या धंद्याचा शिरस्ता. त्या ढिगापासून वेगळा, फळीवर, एक जुना हंडा पालथा घातलेला होता. त्यावर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी एका बाईचे नाव, माहेरच्या गावाचे नाव आणि लग्नाचे साल कोरलेले होते.

"हा का वेगळा?" आम्ही विचारले.

"नाव हाये ना त्याच्यावर," ते म्हणाले. "असा एखादा आला की मी लगेच मोडीत घालत नाही. चारसहा महिने ठेवतो. कोणी पुसत आलं तर?"

"येते का कोणी?"

"एकडाव आली होती एक बाई. भोपाळले दिलेली. भावानं घर आवरताना आजीचा हंडा इकला. तिले मालूम झालं, तशी धावत आली. रडू लागली बिचारी."

"मग किती घेतले तिच्याकडून?"

"जेवढ्यात मोड घेतली, तेवढेच. ठेवणावळ काय घ्यायची, गुरुजी? नाव का माझं होतं?"

हे सांगून ते पुन्हा गुंडाकडे वळले. आपण काही विशेष सांगितले, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही.

वाचकहो, या प्रसंगाचे मोल नीट समजून घ्यावे. आपल्या अनेक घरांतील पणजीचे नाव जमिनीच्या कागदावर नाही, शाळेच्या दाखल्यावर नाही, वंशवेलीतही पुष्कळदा नाही. ते लिहिलेले असते एका हंड्यावर किंवा परातीवर, रुखवतात मांडण्यासाठी कोरून घेतलेले. तो हंडा भट्टीत गेला, की त्या बाईची अखेरची अक्षरे गेली. तांब्याचा भाव असा, की प्रत्येक महिन्याचे थांबणे म्हणजे त्या कारागिराचे अडकलेले भांडवल. तरी तो थांबतो. हे कोणी त्याला सांगितलेले नाही आणि याबद्दल कोणी त्याला शाबासकीही देणार नाही. पराक्रम म्हटला, की आपल्याला रणांगण आठवते. परंतु रोजच्या व्यवहारात, स्वतःच्या पदरास खार लावून, अनोळखी माणसाची आठवण सांभाळणे, यालाही छातीच लागते.

पुढे हे कोण करील, हा प्रश्न आम्ही भीत भीतच विचारला. थोरला मुलगा बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कामाला जातो, धाकटा नागपुरास आहे. "त्याहीचं बरोबर हाये," ते म्हणाले. "महिन्याच्या महिन्याले पगार येते. इथं पाव्हणं आल्यासारखं गिऱ्हाईक येते." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. लग्नसराईत आहेरासाठी आणि दिवाळीत धनत्रयोदशीला मागणी असते. एरवी यंत्रावर दाबून काढलेली स्वस्त भांडी बाजार अडवून बसतात. यंत्राचे भांडे दिसावयास गुळगुळीत असते. पत्रा मात्र बहुधा पातळ असतो.

याच मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड येथे, देशातील तांब्याची मोठी खाण आहे. तांबे या राज्यात मुबलक आहे, मागणीही आहे. उणीव आहे ती भांडे हाताने घडवून घेणाऱ्या घरांची. आणि ही उणीव भरून काढणे सरकारपेक्षा आपल्याच हाती अधिक आहे.

इंदूर असो, जबलपूर असो, बडोदे असो की हैदराबाद, आपणांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर किंवा पलंगाखाली एखादा काळवंडलेला हंडा, गुंड किंवा परात पडून असेल. ती मोडीत देण्यापूर्वी चिंचेने घासून काठाजवळचे नाव वाचावे. घरातील मुलांना बोलावून ती बाई कोण होती, कोणत्या गावची होती, हे सांगावे. जवळपास कल्हईवाला असल्यास त्याला बोलवावे आणि मुलांना तो पांढरा धूर पाहू द्यावा. आणि घरात लग्न निघाले, तर एक तरी भांडे हाताने घडविलेले घेऊन त्यावर नव्या सुनेचे नाव मराठी अक्षरांत कोरून घ्यावे.

आम्हीही येताना एक गुंड घेतला. नाव घालू का, असे त्यांनी विचारले. आम्ही आमच्या आईचे नाव सांगितले. त्यांनी ते एकदा मोठ्याने म्हटले, अक्षरे बोटांवर मोजली आणि टोच्या उचलला.