तांब्याभर पाणी

आमची कन्या रविवारीं पुण्याहून सायकलीनें सिंहगडाकडे निघाली, कीं आम्हांस इंग्लंडांतील एक जुनी हकीकत आठवते. तेथें १८७८ सालीं सायकलस्वारांची प्रवासी संस्था निघाली. तिनें पसंत केलेल्या हॉटेलांवर पंख असलेल्या चाकाची पाटी लागे. तरीही १८९८ सालीं ऑकम गांवीं लेडी हार्बर्टन यांस, सायकलीस सोयीची ढगळ विजार घातली म्हणून, कॉफीच्या दालनांत मज्जाव झाला. संस्थेनें फिर्याद केली. पण बारशेजारची खोली देऊं केली होती, या सबबीवर खटला हरला. गडाच्या पायथ्याचा उपाहारगृहवाला कन्येस सायकल सावलींत ठेवावयास सांगतो, आधीं पाणी देतो, मग पिठलें-भाकरी. पोशाखाची चौकशी नाहीं. त्याच्या दारावर पाटीही नाहीं. पण तिची वाट पाहतांना आम्ही निश्चिंत असतों, तें त्या तांब्याभर पाण्याच्या भरंवशावर.