हौस आणि चरितार्थ

'खेळून पोट भरणार आहे काय?' हा प्रश्न वैजापुरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पावसाच्या भरवशावर संसार चालणाऱ्या तालुक्यात तो विचारणाऱ्या बापास दोष देण्याचे धाडस आम्हांस होत नाही. अलीकडे मात्र त्या प्रश्नाला निराळेच वळण लागले आहे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी दहावीतल्या चिरंजीवांस बजावले की, खेळाडूंच्या लिलावात जाण्याची धमक असेल तर खेळ, नाही तर बॅट माळ्यावर टाक. मुलाने ती मुकाट्याने माळ्यावर टाकली. लिलाव आणि माळा यांच्यामध्ये तिसरी जागाच नसावी काय?

अशा वेळी आम्हांस प्रा. दि. ब. देवधरांचे स्मरण होते. पुण्यात १८९२ साली जन्मलेले हे गृहस्थ व्यवसायाने संस्कृतचे प्राध्यापक. १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. परंतु भारत पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली, आणि तोवर देवधरांनी चाळिशी गाठली होती. कसोटी त्यांच्या वाट्यास कधीच आली नाही. दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. देवधरांचे मोठे पराक्रम यानंतरचे आहेत. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर एकाच सामन्यात दोन शतके काढली.

हौशी म्हणजे कच्चा, हा आपला समज येथे पार ढासळतो. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. देवधरांच्या बॅटीमागे कॉलेजचा पगार उभा होता. हौसेलाही भाकरी लागतेच. तेव्हा बापाचा प्रश्न खोटा नव्हे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा. चरितार्थ हा हौसेचा वैरी नसून पोशिंदा आहे.

काळ बदलला, हे आम्ही जाणतो. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी १८६७ साली स्थापन झालेल्या क्वीन्स पार्क या फुटबॉल संघाने 'खेळासाठी खेळ' हे ब्रीद दीड शतक सांभाळले. २०१९ साली त्यानेही पगारी खेळाडू ठेवण्याचे ठरविले. संघास बाजारात टिकावे लागते. घरास तशी सक्ती कोणी केली आहे?

देवधर १९९३ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी निवर्तले. एवढ्या दीर्घ आयुष्यात खेळाने त्यांचे पोट भरले नसेल. पण त्यांचे दिवस भरले. ज्या घरात अभ्यासाचे पुस्तक आणि बॅट एकाच कोनाड्यात सुखाने नांदतात, त्या घरातील मुलाला उद्या पोटापुरते मिळाल्यावर पुढे जगावे कशासाठी, हे कोणास विचारावे लागणार नाही.