चीर तिरकी का जाते?

चुडावा म्हणजे पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचं छोटं स्टेशन, आमचं गाव. घराच्या ओसरीवर एक लांब बीम आहे. वर स्लॅब, आणि स्लॅबवरच्या शेडमध्ये दरवर्षी सोयाबीनची पोती. गेल्या दिवाळीत बीमला दोन चिरा दिसल्या. एक मधोमध खालून, केसासारखी, उभी. दुसरी भिंतीजवळ, तिरकी.

काकांना काळजी मधलीची. "बीम वाकतो तो मधेच ना? ती कडेची पुट्टी मारून बुजवून टाकू."

मला मात्र त्या कडेच्या चिरेनं झोप लागू दिली नाही.

कारण सांगतो. थोडं गणित आहे, घाबरू नका :)

बीम वाकला की त्याची खालची बाजू ताणली जाते. हा बेंडिंग स्ट्रेस, मधोमध सर्वात जास्त. शेजारचे दोन काप एकमेकांवरून सरकू पाहतात, तो शिअर स्ट्रेस. हा भिंतीजवळ जास्त. दोन्ही एकाच जागी आले की साधी बेरीज चालत नाही. समजा बेंडिंग 6, शिअर 4. बेंडिंगचा निम्मा 3. 3 चा वर्ग 9, 4 चा 16, बेरीज 25, वर्गमूळ 5. आता 3 मध्ये 5 मिळवा, मग वजा करा: 8 आणि उणे 2. हे झाले प्रिन्सिपल स्ट्रेस. म्हणजे खरी ओढ 6 नाही, 8 आहे, आणि तीही सुमारे 27 अंशांनी तिरकी! बीमच्या उंचीच्या मध्याशी बेंडिंग शून्य, तिथं ओढ थेट 45 अंशांत. काँक्रीट दाबाला पक्कं, ओढीला कच्चं. ओढीच्या काटकोनात ते फाटतं, म्हणून चीर तिरकी.

हे सगळं एका वर्तुळात बसवणारा ऑटो मोर (1882) हा जर्मन इंजिनिअर. गंमत म्हणजे तोही आधी रेल्वेतच होता.

मधली ओढ खालच्या आडव्या सळया पेलतात, तिथं केसाएवढी चीर चालते. तिरकी ओढ पेलायची ती उभ्या रिंगांनी. त्या कमी पडल्या तर बीम फारशी सूचना न देता जातो.

काकांनी हिशोब दोनदा करायला लावला. मग काही न बोलता पोती उतरवायला माणसं बोलावली. आता बीमखाली लोखंडी टेकू आहेत. आजोबांनी बांधलेली ही ओसरी राहणार की पाडावी लागणार, ते तपासणीनंतर कळेल.

असो. नातेवाईक मंडळी, आपापल्या घरी बीमच्या टोकांकडे एकदा मान वर करून बघा. तिरकी चीर दिसली तर पुट्टी नको, आधी जाणकार माणूस बोलवा.