खांदेरीचा दिवा

भात झोडून घरात आले, खाचरात वालाला शेंगा धरल्या, की आमच्या पनवेल तालुक्यातल्या शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. यंदा त्या उसंतीत गावची आठ-दहा माणसे घेऊन मी खांदेरीला जाऊन आलो. पेण, वडखळ, अलिबाग करीत थळ गाठायचे आणि तिथून कोळ्यांच्या होडीने निघायचे. आधी उंदेरी लागते, तिच्या पलीकडे खांदेरी.

बेट एवढेसे, पण मुंबई बंदराच्या वाटेवरचे. १६७९ च्या ऐन पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी इथे तट बांधायला घेतला. काम मायनाक भंडारींकडे होते. इंग्रजांनी जहाजे आणून बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजे मोठी, वाऱ्याच्या भरवशावर चालणारी. आपल्या होड्या लहान, रात्री वल्ही मारीत उथळ पाण्यातून निसटायच्या. दाणागोटा पोचत राहिला, तटही चढत राहिला. १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. होड्यांतले ते धान्य कुणाच्या शेतातले होते, हे मात्र कुठल्या बखरीत सापडायचे नाही. शेतकी खात्याच्या माणसाला असलेच प्रश्न पडतात!

१८१८ नंतर बेट इंग्रजांचे झाले. जिथे तट उठू नये म्हणून ते झगडले, तिथेच त्यांनी १८६७ मध्ये अष्टकोनी दीपगृह उभारले, मुंबईला येणाऱ्या गलबतांना खडक कळावेत म्हणून. आज त्या दीपगृहाला आणि बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरीही आहे. बेटावर वेताळाचे देऊळ आहे. ठोकला की भांड्यासारखा वाजणारा एक दगडही आहे. तो वाजवण्यात आमच्या मंडळींनी इतका वेळ काढला, की निघायला दिवस मावळला.

आणि मधल्या पाण्यात होडीचे इंजिन बंद पडले. काळोख, उंदेरीचे खडक जवळ. बरोबरच्या मावशींनी देवाचे नाव घेतले. मलाही पोहता येत नाही, हे तेव्हा आठवले. तांडेल मात्र इंजिनाकडे न बघता मागे बघत होता.

"दिवा दिसतोय ना? मग आपण कुठं आहोत ते मला ठाऊक आहे."

दिवा पाठीशी धरून त्याने व त्याच्या पोराने वल्ही मारली. थळला उतरलो तेव्हा भरती चढली होती. चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून आम्ही किनाऱ्याला लागलो.