बदकांची शिकार

बदलीची नोकरी करणाऱ्या माणसाच्या बिऱ्हाडात एक तरी पेटी अशी असते की जी प्रत्येक गावी जाते आणि कोठेच उघडत नाही. आमच्याकडील या पेटीचा क्रमांक 17. कटकहून ती गुवाहाटीस गेली, गुवाहाटीहून कानपूरला आली. येत्या वर्षी आम्ही सेवानिवृत्त होऊन हे सरकारी निवासस्थान सोडणार, आणि पुण्याचे आमचे घर तर दोन खोल्यांचे! तेव्हा सामान निम्मे करावे असा ठराव झाला, आणि सतरा क्रमांकाची दोरी प्रथमच सुटली. आत निघाला मुलांचा व्हिडिओ गेम.

1994 साली, कचेरीच्या कामाने दिल्लीस गेलो असता, लाल किल्ल्यासमोरील लजपतराय मार्केटातून आम्ही तो आणला होता. वस्तू अर्थातच नकली. क्योटोची निन्टेंडो कंपनी 1889 पासून खेळण्याचे पत्ते करीत आलेली. तिने 1983 साली फॅमिकॉम नावाचे यंत्र विक्रीस काढले. मासायुकी उएमुरा हे त्याचे शिल्पकार. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून नांदल्या त्या बहुधा त्याच्या नकलाच. मूळ यंत्राची कार्यस्मृती अवघी 2 किलोबाइट. आमच्या कचेरीतले एखादे पानभर परिपत्रकही तीत मावायचे नाही. आणि एवढ्याशा स्मृतीवर त्या मारिओने एका पिढीची सुटी खाऊन टाकली!

भंगारात देण्यापूर्वी चालते का पाहावे, एवढाच आमचा हेतू होता. कॉलेजात असताना रेडिओ जुळविण्याचा नाद होता. सोल्डरिंग आयर्न अजून हाताला ओळखत होते. गुवाहाटीच्या दमट हवेने कॅसेटच्या खाचेतील पितळी पट्ट्या हिरवट झाल्या होत्या; त्या स्पिरिटने पुसल्या. (कॅसेट चालेना की मुले तिच्यात फुंकर मारीत. फुंकरीने काही होत नसे, झालेच तर ओलाव्याने नुकसान होई. चालत असे ती काढून पुन्हा बसविल्यामुळे. श्रेय मात्र फुंकरीला मिळे. कचेरीतही हे पाहिले आहे.) फुगलेले कपॅसिटर बदलले, पाच व्होल्ट देणारा तीन पायांचा रेग्युलेटर नवा घातला, आणि तांबडा दिवा लागला.

पुढचा प्रश्न तत्त्वाचा निघाला. हे यंत्र चित्र आणि आवाज एकत्र मिसळून, एका वाहिनीच्या लहरीवर चढवून, अँटेनाच्या वायरीने टीव्हीत धाडीत असे. टीव्हीने पुन्हा त्यांची फोड करावयाची. शेजारच्या टेबलावरील गृहस्थास आवक-जावक विभागामार्फत पत्र पाठवावे, तसा हा प्रकार! वाटेत चित्र मळते ते निराळेच. त्यावर इलाज असा की, मिश्रण होण्यापूर्वीच चित्राचा संकेत एका ट्रान्झिस्टरच्या साह्याने बाहेर काढावयाचा, आवाज वेगळ्या तारेने न्यावयाचा, आणि दोन्ही नव्या टीव्हीला सरळ जोडावयाचे. परंतु त्यासाठी पेटीला दोन भोके पाडणे भाग होते. बेंगळूरुच्या चिरंजीवांनी फोनवरून हरकत घेतली. त्यांच्या मते जुनी वस्तू होती तशी ठेवावी. नकलेच्या सोवळेपणाची एवढी चिंता आम्हांस वाटेना. आम्ही भोके पाडली. मारिओ नव्या भिंतीवरच्या टीव्हीवर असा लख्ख उमटला की तसा तो कटकला कधी दिसला नव्हता.

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्यांनी एकच विचारले, "अहो, बंदूक चालते का?"

बंदूक चालली नाही. बदकांच्या त्या खेळात बंदूक काही मारीत नसते, पाहत असते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. नळीतला डोळा त्या चौकोनाचा उजेड टिपतो. हा सारा व्यवहार सेकंदाच्या काही पन्नासांशांत उरकावयाचा. काचेच्या नळीचा जुना टीव्ही आलेला संकेत तत्क्षणी रंगवी. नवा टीव्ही आधी त्याच्यावर संस्कार करतो, मग दाखवितो. तोवर वेळ टळलेली असते. येथे आमचे सोल्डरिंग आयर्न निरुपयोगी होते.

"मुलांना बंदूक कधी आवडली नाही," त्या म्हणाल्या. "ती मीच चालवायची. तुम्ही कचेरीत, मुलं शाळेत. उडिया येत नव्हतं, शेजारी बोलायला कुणी नाही. कुत्रा हसायचा ना, नेम चुकला की? त्या घरात दुपारी दुसरं कुणी हसत नव्हतं."

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट आम्ही प्रथमच ऐकत होतो.

जुना एकवीस इंची टीव्ही माळ्यावर होता. वजन वीस किलोंच्या पुढे, आणि भंगाराच्या यादीत दुसरा क्रमांक त्याचाच. शिपायाच्या मदतीने तो खाली उतरविला. अँटेनाची वायर आम्ही काढून टाकली नव्हती, ती लावली. चित्र मुंग्यांनी भरलेले, रंग ओघळलेले. चष्मा पुसून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. पहिल्या फेरीत दहांपैकी सात बदके पडली. आम्ही प्रयत्न केला तेव्हा दोन. कुत्रा मनसोक्त हसला.

भंगाराच्या यादीतील दुसरा क्रमांक त्यांनी पेन्सिलीने खोडला आहे. त्याच्या मापाचे खोके कानपुरात कोठे मिळेल, याची चौकशी सध्या चालू आहे.